हिरव्या कुंकवाचे पहारेकरी

पेटी उघडल्याबरोबर आधी कोंड्याचा वास आला. गव्हाचा कोंडा, कित्येक वर्षांचा, थोडा आंबूस, थोडा भाजल्यासारखा. माझा धाकटा भाऊ गजू गिरणीच्या माळ्यावरून ती पत्र्याची पेटी उतरवून अंगणात उभा होता आणि शर्टावरची जाळी झटकत होता.

"ताई, मले वाटलं जुने बेअरिंग असतीन," तो म्हणाला. "पन हे तं तुह्याच कामाचं दिसते."

मी कोंड्यात हात घातला. बोटाला भाल्याचं टोक लागलं. मग फेट्याची गोलाई, मग एक खांदा. बाहेर काढायच्या आधीच मला कळलं होतं की हा कोण. हा भोसल्यांचा भालदार. डाव्या पायात वाकडा, कारण कुंभाराच्या भट्टीतूनच तो तसा निघाला होता. मी त्याच्या कपाळावरचा कोंडा फुंकला. कुंकू हिरवंच होतं. इतक्या वर्षांत तो रंग उडाला असेल अशी माझी एक वेडी आशा होती. पण तो बैलांच्या शिंगांचा रंग, तो कसला उडतोय.

मी एरवी वाशिमला राहते, महालक्ष्म्यांसाठी माहेरी आले होते. शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त झाले आहे, आणि मला एक खूळ आहे. राजेरजवाड्यांच्या खास पहारेकऱ्यांचे, हातानं रंगवलेले छोटे शिपाई मी जमवते. उंच केसाळ टोपीचे लंडनचे लाल कोटवाले, पोपच्या दारात उभे राहणारे पट्ट्यापट्ट्यांचे, म्हैसूरचे, जयपूरचे, निजामाच्या देवडीवरचे अरब. काचेच्या कपाटात सगळे मिळून दीडशेच्या वर आहेत. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "घरात माणसं दोन आणि पहारेकरी दीडशे, तरी मांजर दूध पिऊन जातंच."

या छंदात रंगाचा फार दरारा. कॉलरचा रंग चुकला की पलटण चुकली. आम्हा जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे; कुणी नव्या शिपायाचा फोटो टाकला की पहिला प्रश्न बटणांच्या रंगाचा येतो, आणि बऱ्याचदा तो माझाच असतो. दुसऱ्याच्या शिपायाचे कान धरायला मला आवडतं, हे मान्य आहे. पण हे खूळ मला लागलं कुठून, ते मी त्या गटात कधी सांगितलेलं नाही. खाई त्याला खवखवे, म्हणतात ना.

खूळ मुळात बाबांचं. जऊळक्याला, आमच्या गावी, स्टेशनच्या वाटेवर बाबांची पिठाची गिरणी. इंजिन सुरू झालं की त्याची फुक्-फुक् आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत यायची आणि मांडणीवरचा एक विशिष्ट पेला त्या तालावर किणकिणायचा. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, पापण्या पांढऱ्या, कानातले केससुद्धा पांढरे. मला लहानपणी वाटायचं की बाबा सकाळी तरुण असतात आणि संध्याकाळी म्हातारे होतात, आणि माय तांब्याभर पाणी घालून त्यांना पुन्हा तरुण करते.

तरुणपणी बाबांना रेल्वेत लागायचं होतं. ते परीक्षेला गेले आणि परत आले. गावाला सांगितलं, उंची कमी पडली. बाबा चांगले साडेपाच फुटांच्या वर होते, पण गावात कुणी टेप घेऊन फिरत नाही. गाडी यायच्या वेळेला ते गिरणीच्या दारात येऊन उभे राहायचे. त्या वेळी सिग्नलला हात असायचे. हात पडला की बाबा म्हणायचे, "सुटली," आणि आत जायचे.

आमच्या घराण्यात एक बढाई होती. खापरपणजोबा म्हणे नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यावर भालदार होते. पुरावा काही नाही. होती ती एक गंजलेली भाल्याची पात, आणि तीही बहुतेक डुक्कर मारायची असावी. पण बाबांनी ती बढाई मनावर घेतली होती. भालदार, चोपदार, हुजुरातीचे स्वार, मालकाची बंदूक वाहणारे खासबारदार, असले शब्द ते दळणाच्या रांगेतल्या माणसांना ऐकवायचे. लोक म्हणायचे, हो का भाऊ, आणि ज्वारी बारीक काढा म्हणायचे.

आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. भादव्यात तीन दिवस. पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, कोठ्यांच्या पोटात धान्य आणि फराळ भरायचा, साड्या नेसवायच्या, वर फुलोरा टांगायचा आणि पुढे आरास मांडायची. दुसऱ्यांच्या घरी आराशीत फळं असायची, प्लास्टिकची हरणं असायची, काचेची बदकं असायची. आमच्या घरी पहारा असायचा. दोन महाराण्या तीन दिवस मुक्कामाला येतात, मग दारावर कुणी नको का, असा बाबांचा सवाल होता.

शिपाई घडवायचे किसनबुवा कुंभार. पोळ्याचे मातीचे बैल झाले की आणि भुलाबाईच्या मूर्ती सुरू व्हायच्या आधी त्यांना जे चार दिवस मोकळे मिळायचे, त्यात बाबा आपलं काम घुसवायचे. किसनबुवा कुरकुरायचे. "बैलाले चार पाय असते, थो उभा राह्यते. तुहा शिपाई दोन पायावर कसा उभा करू सांग." म्हणून आमचे सगळे पहारेकरी घोट्यापर्यंत अंगरख्यात बुडालेले आणि पायाखाली पुरीएवढी बैठक. वर्षाला चार नवे. कोरे, तांबूस, भट्टीचा वास असलेले ते शिपाई बाबा टोपलीत गवतावर निजवून घरी आणायचे.

रंग पोळ्याचा. बैलांची शिंगं रंगवून जो उरायचा तोच. आमच्या घरात भोसल्यांचा भालदार आणि आमचा ढवळ्या बैल एकाच डब्यातल्या रंगानं सजायचे आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटायचं नाही. मोठ्या डब्यातला रंग माय मलमाच्या रिकाम्या डब्यांमध्ये थोडाथोडा काढून ठेवायची. पांढरा आणि काळा खालच्या कोनाड्यात. बाकीचे चार स्वयंपाकघरातल्या लाकडी फळीवर. त्या फळीचं एक टोक चुलीकडं आणि एक परसदाराकडं.

मायचा एक नियम होता. तांबडा डबा चुलीकडं, हिरवा दाराकडं. विस्तव चुलीत असतो, वावर दाराबाहेर असतं. मधे पिवळा-निळा कसाही चालेल. त्या फळीला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही. का, असं विचारलं की माय म्हणायची, "देवीचे रंग हायेत. हात लावाचा नाई म्हणजे नाई." आम्हाला ते पुरेसं वाटायचं. देवीच्या नावावर आमच्या घरात श्रीखंडाच्या वड्यासुद्धा आठ-आठ दिवस सुरक्षित राहायच्या.

बाबा फळीखाली पाटावर बसायचे. मांडीवर फडकं, हातात खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश. रंग लावताना त्यांची जीभ किंचित बाहेर यायची. सुट्टीत माझ्या मामांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला होता, त्याच्या झाकणावर लंडनच्या राणीचे लाल कोटवाले शिपाई होते. बाबांनी ते झाकण भिंतीला टेकवून दोन लंडनवाले रंगवले. त्यांच्या कपाळाला कुंकू नव्हतं म्हणून मायनं हरकत घेतली. "देवीपुढं उभा राह्यते ना थो? मंग उघड्या कपाळानं कसा राहीन?" तेव्हापासून आमच्या लंडनवाल्यांना केसाळ टोपीखाली ठसठशीत कुंकू. फौजेत निजामाचा एक अरबही होता, त्याला मात्र कुंकू नाही. "त्याचा धर्म येगळा हाय," माय म्हणायची आणि त्याच्या दाढीला अत्तराचं बोट लावायची.

मला सगळ्यात आवडायच्या त्या गारदनी. निजामाच्या राज्यात जनान्याच्या पहाऱ्याला बायकांची पलटण असायची म्हणे, बंदुका घेतलेली. बाबांनी ते कुठं वाचलं होतं कोण जाणे. "बायाईच्या महालावर बायाच पाह्यजे पहाऱ्यावर," असं म्हणून त्यांनी दोन गारदनी करवून घेतल्या. हातात बंदूक, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, ओठ लाल. त्यातली एक जरा नकटी निघाली होती, माझ्यासारखी. बाबा म्हणाले, ही तू. दुसरी कोण, ते मायला सांगायची गरज पडली नाही.

दर वर्षी महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी बाबा सगळ्या फौजेचं कुंकू आणि ओठ नव्यानं रंगवायचे. गेल्या वर्षीच्या उदबत्त्यांनी ते काळपट झालेले असायचे. मग आराशीपुढे धोतराचा पडदा बांधून त्यामागे ते एकटे पहारा मांडायचे. त्यांनी स्वतः पडदा ओढेपर्यंत कुणी डोकवायचं नाही. मायनंसुद्धा नाही. मायला तसाही वेळ नसायचा. दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या निवडायच्या, आंबिलीचं पीठ भिजवायचं, पुरणाची डाळ बघायची. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," ती पुटपुटायची, "याईले पलटन आत्ताच आठोते."

मी चौथीत होते त्या वर्षी गुरुजींनी इंद्रधनुष्य शिकवलं. तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. मला ते इतकं आवडलं की आठवडाभर मी झाडताना, भांडी विसळताना, झोपताना तेच म्हणत होते. जगात रंगांना एक शिस्त आहे आणि ती मला ठाऊक आहे, याचा मला फार गर्व झाला होता. माझ्यातला पुढे कॉलरी आणि बटणं तपासणारा किडा त्याच आठवड्यात जन्मला असणार.

महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी माय कोठ्या धुवायला विहिरीवर गेली. मी परसदारातून आत आले. समोर फळी, फळीवर चार डबे, आणि त्यांचा क्रम चुकलेला. तांबडा एका टोकाला, हिरवा दुसऱ्या टोकाला, मधे पिवळा-निळा. मला ते बघवेना. देवीचे रंग, आणि असे? मी दारात उभी होते, म्हणून दारापासून सुरुवात केली. ता, पि, हि, नि. तांबडा दाराकडं आला, हिरवा चुलीच्या बाजूला सरकला. मी हात पुसले आणि मागे होऊन पाहिलं. मला वाटलं, बाबा आज खूश होणार.

माझ्या बाबांना तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. दोन्ही त्यांना मातकट दिसतात, सुकलेल्या गवतासारखे. पिवळा दिसतो, निळा दिसतो. रेल्वेनं त्यांना ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक दाखवून त्यातले आकडे विचारले होते आणि बाबांना एकही आकडा दिसला नव्हता. हे घरात फक्त मायला माहीत होतं. ती फळी, तो नियम, ते देवीचं नाव, सगळं त्यासाठी होतं. मला हे सगळं त्या रात्री मायकडून कळलं.

पिवळा-निळा सरकलेले त्या दुपारी त्यांना दिसलेच असतील. पण मायनं फळी पुसली असेल असं समजून त्यांनी दोन मातकट डब्यांपैकी चुलीच्या जवळचा उचलला. मायचा नियम चुकेल असं त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागले. आळीतल्या बाया आल्या. मायनं आणि शेजारच्या पार्बताकाकूंनी दारातून मुखवटे आत आणले, लक्ष्मी आली, सोन्याच्या पावलानं आली, असं म्हणत, आणि आम्ही पोरं ताटल्या वाजवत मागे. कापूर, झेंडू, नव्या साडीची खळ आणि तळणीतल्या करंज्या, असा तो वास. मुखवटे बसले. बाबांनी पडदा ओढला.

वीस-बावीस पहारेकरी रांगेत उभे होते, आणि अरब सोडून सगळ्यांच्या कपाळाला हिरवं कुंकू. ओठ हिरवे. नकट्या गारदनीच्या बांगड्या तेवढ्या लालभडक, कारण त्या वर्षी बाबांनी तिच्या बांगड्याही उजळल्या होत्या.

आधी कुणी एक पोरगी हसली. मग सगळ्या बाया हसायला लागल्या. वाईट मनानं नव्हे, बाया हसतात तशा, पदर तोंडाला लावून, एकमेकींना ढकलत. आणि बाबाही हसायला लागले. सगळे हसताहेत म्हणजे काहीतरी गमतीचं असणार. ते आपल्या फौजेकडे पाहत होते, पुन्हा बायांकडे पाहत होते आणि हसत होते.

"हासून काहून राह्यल्या तुमी?" त्यांनी विचारलं.

"अवो भाऊ, कुंकू हिरवं लावलं ना तुमी!" पार्बताकाकू म्हणाल्या. "तुमाले दिसत नाई काय?"

बाबांचं हसू चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, मालक निघून गेलेल्या घरासारखं. मग त्यांनी मायकडे पाहिलं.

माय स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले. तिनं फळीकडे पाहिलं. ता, पि, हि, नि. मग माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर तिनंच तर ते ऐकलं होतं. मी रडायच्या आत तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला वेलदोड्याचा वास होता.

"चूप राह्य," ती हळूच म्हणाली. "त्याईले माह्यावर राग काढता येते. तुह्यावर नाई येनार. मंग थो राग आतच राहीन."

ती बाहेर गेली आणि सगळ्यांपुढे म्हणाली, "माह्याच हातून झालं. फळी पुसतानी डबे इकडचे तिकडे झाले." मग आरती झाली. बाबांनी आरतीत टाळ्या वाजवल्या, पण त्यांच्या टाळ्यांचा आवाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पार्बताकाकूंनी कढीचं पातेलं स्वतः न आणता पोरीच्या हाती पाठवलं.

विसर्जन झालं त्या दुपारी बाबांनी पेटीत कोंडा घातला, एकेक शिपाई त्यात निजवला, मलमाचे डबे कोपऱ्यात ठेवले आणि पेटी गिरणीच्या माळ्यावर चढवली. पुढच्या वर्षी आमच्या महालक्ष्म्यांपुढे फळं होती आणि प्लास्टिकची हरणं होती. बाबांनी पुन्हा ब्रश हातात घेतला नाही. किसनबुवांनी दोनदा विचारलं, मग तेही थांबले.

मी पुढे शिकले, लग्न झालं, चित्रकलेची शिक्षिका झाले. दर वर्षी कुठल्या तरी वर्गात मला इंद्रधनुष्य शिकवावं लागायचं. पोरं एका सुरात तानापिहिनिपाजा म्हणायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. नागपूरच्या एका प्रदर्शनात मला पहिला लाल कोटवाला दिसला तेव्हा मी तो उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. त्याचा लाल अगदी बरोबर होता. बरोबर रंगाचे इतके शिपाई जमवले की कधीतरी हिशोब मिटेल, असं काहीतरी माझ्या मनात असावं. तो काही मिटला नाही.

माय तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांत मी तिला म्हटलं होतं, "माय, सांगू काय मी बाबाले?" ती म्हणाली, "आता कायले?" आणि कूस वळवली. माझ्यासाठी ती परवानगी होती की मनाई, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

तर परवा, महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी, मी तो वाकडा भालदार घेऊन ओसरीवर गेले. बाबा खाटेवर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पिठाशिवायच पांढरे. मी शिपाई त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा त्याच्या पायाखाली फिरवला.

"भालदार," ते म्हणाले. "डाव्या पायात वाकडा." मग अंगठा त्याच्या कपाळावर नेत, "कुंकू हिरवंच असन?"

"हो."

"तुही माय आयुष्यात कधी चुकली नाई," ते म्हणाले. "मीठ नाई, मोहन नाई, कोनाचं देनंघेनं नाई. त्या एकाच दिवशी कशी चुकली, मले अजून समजलं नाई. मी इचारलं नाई अन् तिनं सांगतलं नाई."

आता बोलले नसते तर कधीच बोलले नसते. "बाबा, मायनं नाई सरकवले डबे. मी सरकवले. शाळेत इंद्रधनुष्य शिकवलं होतं, तसे लावले. मायनं मले चूप राह्य म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भालदार तळहातावर होता, त्याच्याभोवती मूठ हळूहळू मिटली.

"तू तवा ल्हान होती," ते म्हणाले. "मोठी झाल्यावर?"

मी बोटांना चिकटलेला कोंडा झटकत राहिले.

"माय गेल्यावर?"

"भ्याली, बाबा."

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस मी बोललो नाई तिच्याशी. थे रोज ताट वाढून माह्या समोर बसे. जेवन होईपर्यंत उठे नाई. मी वर पाह्यलं नाई. अन् तिनं काईच केलं नोतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी काठी घेतली, शिपाई खाटेवर ठेवला आणि ते गिरणीकडे निघून गेले.

मी ओसरीवर बसून राहिले. आत गजूची बायको सुनीता करंज्या तळत होती, तोच वास. तिनं गिरणीत चहा पाठवला, तो तसाच परत आला. गजू येऊन म्हणाला, "बाबा पट्ट्याजवळ बसून हायेत, बोलत नाईत. काय झालं वं ताई?" मी म्हटलं, माझे आठ दिवस सुरू झाले. त्याला कळलं नाही. मी मनात मोजत होते: वाशिमला दोन दिवस जाऊन परत येता येईल, मग पुन्हा त्यांच्यापुढे बसता येईल. आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचे आठ दिवस म्हणजे किती, हेही मोजत होते. मला इतकी भीती मायच्या आजारपणातही वाटली नव्हती.

दुपारची गाडी धडधडत गेली. आता सिग्नलला हात नाहीत, नुसते दिवे आहेत. वरचा लागला की खालचा, यावरून बाबा ओळखतात. गाडी गेल्यावर थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. बाबा अंगणात येऊन थांबले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं.

"आठ दिवस काहाडाले आता माह्याजवळ टाइम नाई, पोरी," ते म्हणाले. "गजूकडे पोळ्याचा रंग उरला असन. आन."

मी धावतच गेले, या वयात. पेटीतले मलमाचे डबे घासले, त्यात रंग काढला. सुनीतानं फळीवरचे बरण्या-डबे उतरवून दिले. फळी तीच आहे, मधे थोडी वाकलेली. चूल मात्र कधीच गेली, तिथं गजूनं फ्रिज ठेवला आहे. मी मायच्या नियमानं, दोनदा तपासून डबे मांडले. बाबा पाटावर बसू शकत नाहीत म्हणून खुर्ची आणली. त्यांनी मांडीवर फडकं घेतलं. माझा वाशिमचा बारीक ब्रश मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी त्याचं टोक चाचपलं आणि, चांगला हाय, म्हणाले.

मी भालदार पुढे केला. "हे हिरवं आधी खरवडून घेऊ काय, बाबा?"

"नको. वरूनच लावू," ते म्हणाले. "खाली राह्यलं तं राह्यलं. तुह्या मायचे आठ दिवस हायेत थे."

मला डोळे पुसावे लागले. ते थांबले नाहीत. त्यांची जीभ किंचित बाहेर आली होती. फ्रिजच्या बाजूचा डबा त्यांनी उचलला, ब्रश बुडवला आणि भालदाराच्या कपाळावर टेकवला. कोणता रंग आहे, ते त्यांनी मला विचारलं नाही.